तोंडातला स्कॅनर की लॅबमधला?

दातावर क्राउन (टोपी) बसवण्यासाठी माझ्या दातांच्या दवाखान्यात थेट तोंडात फिरवायचा इंट्राओरल स्कॅनर घ्यावा, की रबर बेसचे (रबरासारख्या घट्ट होणाऱ्या लगद्याचे) माप घेऊन लॅबच्या डेस्कटॉप स्कॅनरवरच विसंबावे, या प्रश्नापाशी मी दीड वर्ष घुटमळलो होतो.

निव्वळ अचूकता पाहिली तर लॅबचा स्कॅनर सरस ठरतो, हे आधीच मान्य करतो. त्याच्यासमोर त्या मापात ओतून केलेले प्लास्टरचे मॉडेल घट्ट बसवलेले असते. ते हलत नाही आणि त्याला लाळही सुटत नाही. तोंडातला स्कॅनर मात्र एका वेळी दोन-तीन दातांएवढाच भाग टिपतो आणि असे शेकडो तुकडे एकमेकांना जोडत जातो. प्रत्येक जोडातली सूक्ष्म चूक पुढे सरकते, त्यामुळे एका टोकाच्या दाढेपासून दुसऱ्या टोकाच्या दाढेपर्यंत पोहोचेस्तोवर जबड्याची रुंदी थोडी बदललेली असू शकते. तरीही लॅबचा स्कॅनर मोजतो ते प्लास्टर. मापात राहिलेला दोष आणि घट्ट होताना प्लास्टरचे झालेले प्रसरण त्यात आधीच उतरलेले असते.

माझा निर्णय झाला तो एका बुडबुड्याने. डोंबिवलीहून अर्धी रजा टाकून दादरला आलेल्या एका गृहस्थांच्या खालच्या दाढेचे माप मी घेतले, मापाचा ट्रे उजेडात फिरवून पाहिला आणि समाधानाने पाठवून दिला. चौथ्या दिवशी लॅबचा फोन आला : जिभेकडच्या बाजूला, नेमका मार्जिनवर, म्हणजे क्राउनची कड दाताला टेकते त्या रेषेवर, बुडबुडा आहे. पुन्हा फोन, पुन्हा रजा, पुन्हा भुलीचे इंजेक्शन, पुन्हा हिरडी बाजूला सारायला तिच्यात कॉर्ड (बारीक दोरी). महिन्यातून एखादा तरी असा फोन येत असे. आता तीच उणीव रुग्ण खुर्चीवर असतानाच पडद्यावर दिसते. तेवढा भाग पुसून, दात कोरडा करून पुन्हा स्कॅन करायला मिनिटही लागत नाही.

मॅकलीन आणि फॉन फ्राउनहोफर यांनी १९७१ साली सुचवलेली १२० मायक्रोमीटर मार्जिनल गॅपची (क्राउनची कड आणि दात यांच्यातल्या फटीची) मर्यादा आजही आधाराला घेतली जाते, आणि एकट्या क्राउनसाठी दोन्ही मार्गांनी ती सहसा पाळता येते. मी काही मायक्रोस्कोपखाली मोजमाप केलेले नाही. पण मार्जिनवर प्रोब (तपासणीची टोकदार सळई) फिरवताना टोक पूर्वीपेक्षा कमी अडखळते आणि शेजारच्या दाताशी संपर्क घासून जुळवण्याची वेळही क्वचितच येते.

पावडर फवारावी लागणारी जुनी यंत्रे स्वस्तात मिळतात, पण लाळेने पावडर वाहून गेली की सगळे पहिल्यापासून करावे लागते. त्यांच्या वाटेला न गेलेले बरे. कॉन्फोकल पद्धतीच्या (नेमक्या फोकसमधला भागच टिपणाऱ्या) यंत्रांना पावडर लागत नाही. त्यांचा जाच निराळा : एसीच्या गारव्यात रुग्णाच्या श्वासाने टोकाच्या आरशावर वाफ धरते, म्हणून टोक आतून तापवणारे मॉडेलच घ्यावे. हिरडीखाली खोल गेलेले मार्जिन प्रकाशाला दिसत नाही, तिथे लाइट बॉडी (मापाचा पातळ लगदा) अजूनही अधिक आत शिरते, हेही कबूल करायला हवे.

पूर्ण जबड्याच्या इम्प्लांटकामासाठी मी आजही ट्रेच उचलतो. मात्र पुटीचा (मापाच्या घट्ट लगद्याचा) एकच डबा दिवाळीपासून पुरला आहे.