थेरपी एक नंबर, पण दाराला काच लावा ना (३ स्टार)

पोरगा ९ वर्षांचा, ऑटिझम आहे, बोलत नाही. सहा महिन्यांपासून मानेवाड्याहून गाडीवर इथं स्पीच थेरपीला आणून राहिलो. मॅडम खरंच चांगल्या, चित्रांच्या कार्डावरून त्याला ‘नको’ म्हणायला शिकवलं, आता आजी जबरदस्तीनं भात भरवायला लागली की तो कार्ड पुढे करते बापा 😄

पण रूमचं दार बंद, काच नाही अन् आईबापानं बाहेर बसायचं. विचारलं तर म्हणे मूल डिस्टर्ब होते. अहो, जे लेकरू घरी येऊन सांगूच शकत नाही त्याच्यावर आम्ही नाही तर कोण लक्ष ठेवणार? २०१२ च्या पॉक्सो कायद्यात मुलाच्या अपंगत्वाचा फायदा घेऊन केलेला लैंगिक अत्याचार जास्त गंभीर धरला आहे, तो काही उगाच नाही. टॉयलेटला नेणारी मावशी कोण हे विचारलं तर तोंडं वाकडी. होऊ द्या. मी रोज आंघोळीच्या वेळी अंगावर वळ-बिळ बघतो, चाइल्डलाइनचा १०९८ फ्रिजवर चिकटवून ठेवला आहे.

दोनदा भांडल्यावर आता दार अर्धं उघडं ठेवतात, मी समोरच्याच खुर्चीवर. पार्किंगचे मात्र हाल आहेत.