कोमात्सुच्या दोन फुलदाण्या: तोकुदा की योशिता?

जपानच्या इशिकावा प्रांतातलं कोमात्सु हे कुतानी भांड्यांचं, म्हणजे रंगीत झिलईने सजवलेल्या पोर्सिलेनचं (चिनी मातीचं) गाव. तिथल्या दोघांना 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा जपान सरकारचा कारागिरांसाठीचा मान मिळाला: तिसरे तोकुदा यासोकिची (घराण्यात हे नाव घेणारे तिसरे) यांना 1997 मध्ये, योशिता मिनोरी यांना 2001 मध्ये. दोघांचं माध्यम पोर्सिलेनच, पण वाटा अगदी वेगळ्या.

तोकुदांच्या फुलदाणीवर चित्र नाहीच. गर्द निळा हळूहळू हिरव्यात, हिरवा पिवळ्यात विरघळतो आणि सीमारेषा कुठेच सापडत नाही. झिलया (भाजल्यावर काचेसारखे होणारे लेप) मुळात कुतानीच्या जुन्याच: कोबाल्टचा निळा, तांब्याचा हिरवा, लोखंडाचा पिवळा, मँगनीजचा जांभळा. त्यांचं प्रमाण जोखण्याची विद्या त्यांना आजोबांकडून, म्हणजे पहिल्या यासोकिचींकडून मिळाली. नातवाने त्या रंगांतून फुलं-पक्षी काढून टाकले आणि भट्टीचं तापमान नेहमीपेक्षा वाढवलं, म्हणून रंग काचेसारखे पारदर्शक होऊन एकमेकांत वाहतात. खालचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत करावाच लागतो. अशा झिलईखाली बारीकसा खड्डाही लपत नाही.

योशितांची कला कात्रीची. सोन्याचा जाड-पातळ वर्ख पानाफुलांच्या आकारात कापायचा, रंगीत झिलईवर चिकटवून भाजायचा, वर पारदर्शक झिलई देऊन पुन्हा भाजायचं. सोनं झिलईखाली राहतं, म्हणून झिजत नाही आणि भपकेबाजही वाटत नाही. (वर्ख बनवणारं कानाझावा शेजारीच!)

नाजूकपणा हवा तर योशिता. माझं मत मात्र तोकुदांना, एका अटीवर: त्या फुलदाणीत फुलं ठेवायची नाहीत.