न्यूज चॅनेलचा मोठा पॅक, दीड वर्ष वापरून : एक स्टार

आधीच सांगून ठेवतो, केबलवाल्या पोराबद्दल माझी काही तक्रार नाही. पोरगं लै चांगलंय, फोन केला की अर्ध्या तासात येतं, पावसात वायर तुटली तर खांबावर चढून जोडून देतं, चहा घे म्हणलं तर लाजतं. एक स्टार दिलाय तो त्याचाच. बाकीचे चार कापले ते पॅकमधल्या न्यूज चॅनेलमुळं, त्यात त्याचा दोष नाही, वरून जे येतं ते तो खाली सोडतो.

झालं असं की वडील एसटीतून रिटायर झाले, कंडक्टर होते, जिंतूर-परभणी-गंगाखेड करण्यात जिंदगी गेली, आता गुडघे गेलेत. दिवसभर घरात बसून माणूस कंटाळतो म्हणून मी मोठा पॅक मारला. महिन्याला तीनशे दहा रुपये. मराठी हिंदी मिळून पंचवीस-तीस तरी न्यूज चॅनेल असतील, त्यातली बरीचशी फुकटच येतात. तेव्हा मला वाटलं होतं बरंय, बातम्यांचे पैसे लागत नाहीत. नंतर कळलं की पैसे कुठून वसूल होतात, ते खाली लिहितो.

पिक्चर क्वालिटी एक नंबर. आवाज पण खणखणीत, जरा जास्तच, जाहिरात लागली की बरं वाटतं इतका.

आता आतला माल. एका रविवारी संध्याकाळी मी वही घेऊनच बसलो, सात ते दहा. सोयाबीनचा भाव, नाही. कापूस, नाही. पीकविमा, नाही. येलदरी धरणात पाणी किती, ते खालच्या पट्टीवर एकदा पळत गेलं, चष्मा लावेपर्यंत गायब. आणि ‘जिहाद’ हा शब्द वीसच्या पुढं गेल्यावर मी मोजायचं सोडलं. लव्ह, लँड, व्होट, कशालाही जोडायलेत, उद्या वांग्याच्या भरतालाही जोडतील. सहा खिडक्या, सहा माणसं, एकाच टायमाला ओरडायलेत, त्यात एक दाढीवाला मुद्दाम बसवलेला असतो, त्याला बोलू द्यायचंच नसतं, ओरडून घ्यायला आणलेला असतो तो बिचारा, की बिचारा नाही, त्याला पण सवय झालेली दिसते.

दोन युक्त्या मात्र दीड वर्षात पक्क्या कळल्या. पहिली प्रश्नचिन्हाची. ‘हा कट आहे’ असं लिहिलं तर पुरावा द्यावा लागेल, म्हणून ‘हा कट आहे का?’ असं लिहायचं. आमच्या वडलांसारख्या माणसाला ते शेवटचं चिन्ह दिसतच नाही, मोठ्या लाल अक्षरात कट तेवढा दिसतो. दुसरी युक्ती त्याहून भारी, ‘वादग्रस्त वक्तव्य’. कुठल्यातरी सभेत एक नेता उठतो आणि म्हणतो ह्यांच्या दुकानातून माल घेऊ नका, समोर पाच-सातशे माणूस असतंय. मग चॅनेल ते दिवसभर लावतं, वर ‘वादग्रस्त’ म्हणून लेबल, म्हणजे आपण कसे नाराज आहोत. सभेतल्या पाचशे जणांना कळलेलं आता पाच कोटींना कळलं, नेत्याचा खर्च शून्य. दुसऱ्या दिवशी दुसरा नेता त्याच्याहून जोरात बोलतो, कारण त्याला पण टीव्हीवर यायचंय. बरं, कायदा नाही असं नाही. सुप्रीम कोर्टानं २८ एप्रिल २०२३ ला सगळ्या राज्यांना सांगितलंय की द्वेषाच्या भाषणावर कुणी तक्रार करायची वाट बघू नका, पोलिसांनी स्वतःहून गुन्हा नोंदवा, बोलणाऱ्याचा धर्म बघू नका. हे पण मला पॅकमधून नाही कळलं, वकिलाकडं कामाला असलेल्या मेव्हण्याकडून कळलं.

पैशाचं गणित असंय. २०२० च्या सुमाराला देशात २० कोटींच्या आसपास घरांत टीव्ही होता आणि कोण काय बघतंय हे मोजायचं मीटर ४४ हजारांच्या आसपास घरांत. त्या तेवढ्या घरांवर टीआरपी, टीआरपीवर जाहिरातीचा दर. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचा आरोप केला, मग न्यूज चॅनेलची रेटिंग बारा आठवड्यांसाठी थांबवली म्हणाले, ती सुरू व्हायला मार्च २०२२ उजाडलं. आता विचार करा, शांतपणे बातमी सांगितली तर माणूस रिमोट घेऊन कीर्तनाकडं जातो, भांडण लावलं तर थांबतो. गल्लीतल्या नळावरचं भांडण आपण पण बघतोच की थांबून. फरक एवढाच की नळावरच्या भांडणात मधे साबणाची जाहिरात लागत नाही. म्हणजे आम्ही गिऱ्हाईक नाहीतच, आम्हीच माल.

आपण मोठ्या तोऱ्यात म्हणतो ना, जगात जर्मनी भारतात परभणी, तर त्या जर्मनीतल्याच एका प्रॉडक्टची गोष्ट ऐका, माझ्या पॅकशी कम्पेअर करायला. ऑगस्ट १९३३ मध्ये तिथं ‘लोकांचा रेडिओ’ म्हणून एक सेट बाजारात आला, किंमत ७६ मार्क, बाकीच्या सेटपेक्षा लै स्वस्त. मॉडेल नंबर ३०१, कारण हिटलर ३० जानेवारीला चॅन्सलर झाला होता. १९३८ ला त्याच्याहून लहान आला ३५ मार्काला, त्याला लोक गोबेल्सचं थोबाड म्हणायचे. रिव्ह्यू लिहायचा तर परवडणारा, दिसायला चांगला, जवळचं स्टेशन झकास लागायचं, परदेशातलं धरायला कठीण, आणि १९३९ ला युद्ध लागल्यावर परदेशी स्टेशन ऐकणं हा गुन्हाच झाला. त्याच देशात युलियस श्ट्रायशर नावाचा एक पेपरवाला होता, १९२३ पासून ज्यूंबद्दल घाण छापायचा, त्यानं स्वतःच्या हातानं खून केल्याचा खटला नव्हताच, तरी न्यूरेंबर्गला ऑक्टोबर १९४६ मध्ये फासावर गेला, लिहिल्या-बोलल्याबद्दल. रवांडात तर १९९३-९४ ला रेडिओवर गाणी लावून मधूनमधून शेजाऱ्यांना झुरळं म्हणायचे, आणि १९९४ च्या एप्रिलपासून शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली, बरीचशी कोयत्यांनी, बरीचशी ओळखीच्यांनी. मी काय आपल्याकडं तसंच होणार असं म्हणत नाही, उगं घाबरवायचं नाही मला, ते काम पॅक करतोयच. पण स्वस्तात घरोघर एकच आवाज पोचवायचा धंदा नवा नाही एवढं कळलं.

आता आमच्या घरात काय झालं ते.

वडलांचा एक टेलर आहे, म्हणजे होता. चाचा म्हणतो आम्ही सगळे. एसटीचा खाकी ड्रेस शिवण्यापासून ओळख, तीस-बत्तीस वर्षं. माझ्या बारशाचं झबलं त्यांनी शिवलेलं. रमजान ईदला त्यांच्याकडून शिरखुर्म्याचा डबा, दिवाळीला आमच्याकडून करंज्या, आणि फेब्रुवारीत तुराबुल हक बाबाच्या उरुसात दोघं मिळून एक चक्कर मारायचेच, आई वैतागायची की हे दोघं म्हातारे पाळण्यात बसून येतात. नातं असं की वडील दुकानात माप द्यायला जायचे नाहीत, नुसतं कापड पाठवायचे, माप चाचाच्या डोक्यात.

पॅक आल्यावर दोन-तीन महिन्यांत पहिल्यांदा वडलांच्या तोंडून ‘ती लोकं’ ऐकलं. आधी कधी नाही. आधी असायचं ‘चाचा’, ‘तो पानवाला’, ‘आपल्या डेपोतला ड्रायव्हर’. एकेक माणूस होता. आता सगळ्यांचा मिळून एक गठ्ठा झाला. मी म्हणलं बाबा, चाचा पण त्यातच का, तर म्हणाले, “चाचा चांगलाय रे, पण ह्यांचं काही सांगता येत नाही.” ह्या ‘पण’वर माझं डोकंच फिरलं. तीस वर्षांत चाचाबद्दल जे काही सांगता येण्यासारखं होतं ते सगळं वडलांना माहीत आहे, मापासकट.

ह्या कंपन्यांचा जुना रेकॉर्ड पण बघून घ्या, वस्तू घेताना बघतोच ना आपण. मार्च २०२० आठवा, तबलिगी जमातचा दिल्लीच्या मरकजमधला मेळावा, ‘कोरोना जिहाद’ म्हणून स्क्रीन लाल. आमच्या गल्लीत भाजीच्या गाड्यावाल्याला नाव विचारून परत पाठवलं होतं, मी स्वतः गॅलरीतून बघत होतो आणि गप्प होतो, ते पण लिहून ठेवतो. पुढं काय झालं? नगर जिल्ह्यात मशिदींत उतरलेल्या तबलिगीच्या परदेशी लोकांवर गुन्हे दाखल झाले होते, २९ जण. आपल्याच औरंगाबाद खंडपीठानं २१ ऑगस्ट २०२० ला ते रद्द केले. न्यायमूर्ती टी. व्ही. नलावडे यांनी निकालात लिहिलं की छापील आणि टीव्ही माध्यमांत ह्या लोकांविरुद्ध मोठा प्रचार झाला आणि साथ किंवा संकट आलं की सरकार बळीचा बकरा शोधतं, इथं तसं झाल्याची शक्यता दिसते. परभणीपासून चार तासावरचं कोर्ट आहे हे. मी वडलांना विचारलं, हा निकाल तुम्हाला माहितीय का? नाही. कोरोना जिहाद माहितीय का? हो.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये पालघरच्या गडचिंचले गावात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर जमावानं मारला. भयंकर प्रकार. चोर आल्याच्या अफवा आधीपासून त्या भागात फिरत होत्या. पण टीव्हीवर सगळ्यात आधी काय शोधायला लागले, तर मारणाऱ्यांचा धर्म, शेवटी गृहमंत्र्यांना पकडलेल्या १०१ जणांची यादीच जाहीर करून सांगावं लागलं की ह्यात एकही मुसलमान नाही.

आणि हा पॅक एकटा येत नाही, मोबाईलसोबत कॉम्बो आहे. टीव्हीनं दिवसभर भीती घालायची, रात्री व्हॉट्सअपनं पत्ता द्यायचा. २०१८ चा जून विसरलात का, पोरं पळवणारी टोळी, दरोडेखोर, रात्रभर गावोगाव काठ्या घेऊन पहारे. वैजापूर तालुक्यात चांडगावला दरोडेखोर समजून दोघांना मारलं. १ जुलैला धुळ्याच्या राईनपाड्यात पाच जण, नाथपंथी डवरी गोसावी, मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागून खाणारे, आठवडी बाजारात आले होते, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले. त्या वेळी पोरं पळवायचा जो व्हिडिओ देशभर फिरत होता तो कराचीतल्या एका जनजागृतीच्या जाहिरातीचा होता, शेवटी पोरगं परत आणून देतात तो तुकडा कुणीतरी कापलेला. त्यानंतर व्हॉट्सअपनं भारतात एका वेळी पाच चॅटनाच फॉरवर्ड करायची मर्यादा टाकली. राईनपाड्यात मेलेले पाच आणि फॉरवर्डची मर्यादा पाच, हे माझ्या डोक्यातून जात नाही. बरं, तिथं मरणारे कुठल्या दुसऱ्या धर्माचे नव्हते. एकदा अनोळखी माणसाला घाबरायची सवय लागली की समोर कोण येतंय ह्याच्याशी तिला घेणंदेणं नसतं.

शेजारच्या बीडमध्ये काय झालं बगा, तिथं धर्म पण लागला नाही, आडनाव पुरलं. २०२३-२४ मध्ये आरक्षणावरून दोन्हीकडचे नेते रोज एकमेकांना चॅनेलवरून उत्तर द्यायचे, इकडं एकाच बांधावरच्या माणसांचं बोलणं बंद. २०२५ मध्ये बीडच्या एसपींनी पोलिसांच्या टेबलावरच्या पाट्यांवरून आडनावंच काढायला लावली, नुसतं पहिलं नाव. मराठवाड्यात आपल्याला माणूस भेटला की पहिला प्रश्न ‘कुठले?’ आणि दुसरा ‘आडनाव काय?’, आता दुसऱ्या प्रश्नाची भीती वाटायली.

कस्टमर केअर : एका चॅनेलला मी मेल केला होता. त्यांनी एका भांडणाची क्लिप आमच्या भागातली म्हणून लावली होती, ती इकडची नव्हती, मागं दुकानांच्या पाट्या वेगळ्याच भाषेत दिसत होत्या. उत्तर आलं, आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद. क्लिप दुसऱ्या दिवशी पण चालू.

गेल्या महिन्यात शेवटी पोराला बोलावलं आणि न्यूजवाली सगळी काढून टाक म्हणलं. ते म्हणालं, “काका, बिल तर काही कमी नाही होणार बगा.” म्हणलं नको होऊ दे. सह्याद्री तेवढं ठेवलं. वडील दोन दिवस चिडले, मला म्हणाले तू काय सेन्सॉर बोर्ड आहेस का. मुद्दा बरोबर आहे त्यांचा, त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. नऊ वाजले की त्यांचा हात अजून रिमोटकडं जातो, जुने नंबर दाबतात, निळा स्क्रीन येतो, थोडा वेळ तोच बघत बसतात, मग कीर्तन लावतात.

दिवाळीला त्यांनी पहिल्यांदा रेडीमेड पँट घेतली होती, मॉलमधून. लांबीला दोन इंच जास्त. चाचाचं दुकान घरापासून अडीचशे पावलांवर आहे, दहा मिनिटांचं काम. पँट अजून खालून दुमडूनच घालतात.