पूर्ण ओटीए की सर्व्हिस सेंटर? इलेक्ट्रिक कार घेण्याआधी सॉफ्टवेअरची तुलना

ओटीए म्हणजे 'ओव्हर द एअर': गाडीचं सॉफ्टवेअर केबल न लावता, इंटरनेटवरून अपडेट होणं. शोरूममध्ये 'गाडीला ओटीए अपडेट येतात का?' असं विचारलं, तर उत्तर जवळपास नेहमीच 'हो' असतं. ते खोटं नसतं, पण त्यातून हाती काहीच लागत नाही. ज्या गाडीचे फक्त नकाशे आणि स्क्रीनवरची ॲप इंटरनेटवरून अपडेट होतात तीही ओटीएवाली, आणि जिचे ब्रेक, मोटर, बॅटरीचं नियंत्रण इंटरनेटवरून बदलता येतं तीही ओटीएवालीच. घरी आणल्यावर या दोन गाड्या अगदी वेगळ्या वागतात. म्हणून विचारायचं ते असं: कोणते भाग घरबसल्या अपडेट होतात, आणि कशाकशासाठी गाडी सर्व्हिस सेंटरला आणावी लागते?

इलेक्ट्रिक कारमध्ये अनेक छोटे संगणक असतात. त्यांना कंट्रोल युनिट म्हणतात. स्क्रीन सांभाळणारं वेगळं, बॅटरी सांभाळणारं वेगळं, चार्जिंगचं वेगळं, ब्रेकचं वेगळं. या सगळ्यांपर्यंत सुरक्षितपणे पोहोचणारी यंत्रणा उभारणं अवघड आहे, म्हणून अनेक कंपन्या स्क्रीनपाशीच थांबतात. बाकीचं काम वर्कशॉपमध्ये केबल लावून होतं. सगळ्या युनिटपर्यंत इंटरनेटवरून पोहोचणाऱ्या प्रकाराला पुढे मी पूर्ण ओटीए म्हणतो आणि स्क्रीनपाशी थांबणाऱ्याला अर्धं ओटीए.

पूर्ण ओटीएचं बळ आणि धोका

याचं सर्वात बोलकं उदाहरण २०१८ चं आहे. अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या संस्थेने टेस्ला मॉडेल ३ ची चाचणी घेतली. ताशी ६० मैल, म्हणजे साधारण ९६ किलोमीटर वेगावरून थांबायला गाडीला १५२ फूट लागले. हे अंतर फार होतं आणि संस्थेने गाडीची शिफारस करायला नकार दिला. कंपनीने ब्रेकचं सॉफ्टवेअर बदलून इंटरनेटवरून पाठवलं आणि पुन्हा चाचणी घेतली तेव्हा अंतर १३३ फुटांवर आलं. गाडी जागची हलली नाही, कुणी पाना हातात घेतला नाही, आणि जवळपास सहा मीटर आधी ती थांबू लागली. इतक्या अंतराने रस्ता ओलांडणाऱ्या माणसाचा जीव वाचू शकतो. पूर्ण ओटीएच्या बाजूने माझा कौल झुकतो तो मुख्यतः यामुळे.

रिकॉलमध्येही, म्हणजे दोष सापडल्यावर कंपनी विकलेल्या गाड्यांची दुरुस्ती जाहीर करते तेव्हाही, हा फरक दिसतो. डिसेंबर २०२३ मध्ये टेस्लाने ऑटोपायलट या चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणेच्या, चालकाचं लक्ष आहे का यावरच्या देखरेखीतल्या त्रुटीसाठी अमेरिकेत २० लाखांहून अधिक गाड्यांचा रिकॉल जाहीर केला. दुरुस्ती ओटीएने गेली. २०२४ मध्ये व्होल्वो ईएक्स३० मध्ये स्पीडोमीटर नीट न दिसण्याची अडचण आली, तीही सॉफ्टवेअरनेच सुटली. अशा वेळी अर्ध्या ओटीएच्या मालकाला अपॉइंटमेंट, रांग आणि अर्ध्या दिवसाची रजा यांचा हिशेब करावा लागतो.

पण जी वाट ब्रेक सुधारू शकते तीच वाट बिघाडही आणू शकते. जानेवारी २०१९ मध्ये बीजिंगमध्ये निओ कंपनीच्या गाडीत भर रस्त्यात अपडेट सुरू झालं. स्क्रीन काळे पडले, काचा उघडेनात आणि आतली माणसं तासाभराहून जास्त वेळ अडकून पडली. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिव्हियन या इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपनीकडून चुकीची सुरक्षा प्रमाणपत्रं असलेली आवृत्ती बाहेर गेली आणि ती मिळालेल्या गाड्यांचे स्क्रीन बंद पडले. कंपनीने वितरण लगेच थांबवलं. त्या गाड्या चालवता येत होत्या, कारण चालवण्याची यंत्रणा आणि स्क्रीनची यंत्रणा वेगळी होती. पण स्पीडोमीटर आणि एसीसुद्धा स्क्रीनवरच असेल तर 'गाडी चालते' एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही.

या दोन घटनांमधून गाडी निवडताना तपासायच्या दोन गोष्टी निघतात. अपडेट मालकाने वेळ ठरवल्याशिवाय सुरू होऊ नये. आणि काच पुसणारे वायपर, काचेवरची वाफ घालवणारा डीफॉगर, गिअर, हॅझर्ड लाइट यांना खरी बटणं किंवा दांडे असावेत. माझ्या मते बटणांचा प्रश्न सौंदर्याचा नाहीच, सॉफ्टवेअर अडकलं तर काय उरतं याचा आहे.

सर्व्हिस सेंटरच्या बाजूने

वर्कशॉपमध्ये अपडेट करताना गाडीला बाहेरून स्थिर वीजपुरवठा जोडतात. हे किरकोळ वाटेल, पण बऱ्याच गाड्यांमध्ये अपडेट चालू असताना गाडी चालवणारी मोठी बॅटरी वेगळी केलेली असते आणि सगळा भार छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर येतो. ती जुनी असेल तर अपडेट मध्येच अडकतं. घरी हे झालं तर टो ट्रक बोलवावा लागतो, वर्कशॉपमध्ये झालं तर तंत्रज्ञ तिथेच उभा असतो. शिवाय तो गाडीचा लॉग, म्हणजे तिने स्वतः ठेवलेल्या नोंदी, वाचतो आणि सॉफ्टवेअर दोषी आहे की सुटा भाग, हे ठरवू शकतो.

आणि कित्येकदा दोष दोन्हीकडे असतो. मार्च २०२४ मध्ये ह्युंदाई आणि किया यांनी अमेरिकेत मिळून सुमारे १ लाख ४७ हजार गाड्या परत बोलावल्या. आयसीसीयू नावाचं चार्जिंग नियंत्रित करणारं युनिट खराब झालं की १२ व्होल्टची बॅटरी चार्ज होणं थांबत होतं आणि पुढे गाडीची ताकदच जाण्याची शक्यता होती. उपाय होता तपासणी, सॉफ्टवेअर अपडेट आणि गरज पडल्यास भाग बदलणं. हे घरबसल्या होण्यासारखं काम नव्हतं.

सॉफ्टवेअरच्या मर्यादा दाखवणारी आणखी दोन उदाहरणं सांगतो, कारण विक्रेते 'काही झालं तरी अपडेटने सुटेल' असं फार सहज म्हणतात. शेवरले बोल्टच्या बॅटरीत आगीचा धोका आढळला तेव्हा २०२० मध्ये सॉफ्टवेअरने चार्जिंग ९० टक्क्यांवर अडवलं गेलं. तो तात्पुरता बंदोबस्त होता, खरा उपाय पुढे बॅटरीचे मॉड्यूल बदलण्याचाच निघाला. तसंच टेस्लाच्या जुन्या मॉडेल एस आणि एक्समध्ये स्क्रीनच्या संगणकाची ८ जीबीची मेमरी सतत लिहिलं जाऊन झिजली आणि मागच्या कॅमेऱ्याचं चित्र जाऊ लागलं. २०२१ मध्ये सुमारे १ लाख ३५ हजार गाड्यांचा रिकॉल झाला. झिजलेली चिप इंटरनेटवरून बदलता येत नाही.

अर्ध्या ओटीएचा खरा तोटा वेगळाच आहे: मालक अपडेट करतच नाहीत. गाडी चालतेय ना, मग कशाला जायचं, असं होतं आणि ज्ञात दोष असलेलं जुनं सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं गाडीत राहतं. नियमित सर्व्हिसिंगला न चुकता जाणाऱ्यांना हा तोटा जाणवत नाही. इलेक्ट्रिक कारला ऑइल बदलायचं नसतं म्हणून सर्व्हिसिंगच टाळणाऱ्यांना तो नक्की जाणवतो.

आलेलं अपडेट लगेच घ्यायचं की थांबायचं?

गाडी कोणतीही निवडलीत तरी हा प्रश्न येणारच. ब्रेक, स्टिअरिंग, बॅटरी, चार्जिंग किंवा रिकॉलचा उल्लेख असेल तर ते त्याच रात्री घ्या. नवा थीम रंग, बदललेला मेनू, नवं ॲप असं असेल तर आठवडा-दोन आठवडे थांबायला काहीच हरकत नाही. कंपन्या नवी आवृत्ती बहुधा आधी थोड्या गाड्यांना देतात आणि तक्रारी आल्या तर वितरण थांबवतात. थांबणाऱ्याला या चाळणीचा फायदा मिळतो. हे महत्त्वाचं अशासाठी की एकदा चढवलेली आवृत्ती मालकाला सहसा मागे घेता येत नाही. आवडत्या जागी असलेलं बटण तीन मेनूंच्या आत गेलं, तर ते तिथेच राहणार.

कायमचं टाळणं मात्र चूक आहे. गाडी इंटरनेटला जोडलेली आहे, तिच्या सुरक्षेतल्या फटी बुजवणारे बदलही याच अपडेटमधून येतात.

अपडेट सुरू असताना गाडी चालवता येत नाही. साधारण अर्धा-पाऊण तास धरा, मोठ्या अपडेटला जास्त. म्हणून पहाटे लांब निघायचं असेल तर आदल्या रात्री अपडेटला हात लावू नका, परत आल्यावर करा. बॅटरी तळाला गेलेली असतानाही नको. आणि १२ व्होल्टची बॅटरी चार-पाच वर्षांची झाली असेल, तर मोठं अपडेट घेण्याआधी ती तपासून घेणं शहाणपणाचं.

युरोपीय संघात जुलै २०२४ पासून सर्व नव्या गाड्यांना संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीतला नियम क्रमांक १५६ लागू आहे. अपडेटचा उद्देश काय, त्यात काय बदलणार, किती वेळ लागणार हे मालकाला सांगणं त्यात बंधनकारक आहे. अपडेट फसलं तर गाडी आधीच्या आवृत्तीवर किंवा सुरक्षित स्थितीत जायला हवी, अशीही अट आहे. तुम्ही कुठेही राहत असलात तरी विक्रेत्याला विचारायला ही चांगली मोजपट्टी आहे: तुमची गाडी फसलेल्या अपडेटनंतर काय करते?

बिघाड दिसला: स्वतः रीस्टार्ट की थेट सर्व्हिस?

स्क्रीन अडकला, आवाज गेला, ब्लूटूथ जुळेना, मागचा कॅमेरा काळा पडला, तर गाडी उभी करून स्क्रीन रीस्टार्ट करा. बहुतेक गाड्यांत एखादं बटण किंवा स्टिअरिंगवरची बटणं काही सेकंद दाबून धरायची असतात. गाडी घेतली त्याच दिवशी ती पद्धत शिकून घ्या. फोनला चावी म्हणून वापरत असाल तर कार्ड किंवा खरी चावी कायम जवळ हवी, मग अपडेटनंतर फोनची ओळख विसरली गेली तरी दाराबाहेर उभं राहावं लागत नाही.

फास्ट चार्जरवर चार्जिंग सुरूच होत नसेल तर आधी गाडीला दोष देऊ नका. गाडी आणि चार्जर केबलमधून एकमेकांशी बोलतात, व्होल्टेज आणि करंट ठरवतात, मगच वीज वाहू लागते. हा संवाद तुटण्याचं कारण अनेकदा चार्जरच्या बाजूला असतं. दुसऱ्या कंपनीच्या चार्जरवर, शक्य तर घरीही, लावून पाहा. सगळीकडे तेच झालं तर गाडीत दोष आहे.

बॅटरीची टक्केवारी अचानक उडी मारत असेल तर दोन शक्यता असतात. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारच्या बॅटरीत चार्ज बराच बदलला तरी व्होल्टेज फारसं बदलत नाही, त्यामुळे उरलेली टक्केवारी मोजणं सॉफ्टवेअरला कठीण जातं. अशा गाडीला कंपनीने सांगितलेल्या अंतराने १०० टक्के चार्ज दिला की अंदाज पुन्हा जागेवर येतो. त्यानंतरही २० टक्क्यांवरून थेट ८ वर घसरत असेल, तर तो सेलचा दोष असू शकतो. तेव्हा सर्व्हिस सेंटरच.

ब्रेक, स्टिअरिंग, 'पॉवर कमी केली आहे', १२ व्होल्ट किंवा मोठ्या बॅटरीच्या तापमानाचा इशारा आला, तर रीस्टार्ट करून तो नाहीसा झाला म्हणून पुढे जाऊ नका. सुरक्षित जागी थांबा आणि फोन करा. कधी येणाऱ्या, कधी न येणाऱ्या बिघाडाला वर्कशॉपमध्ये 'आम्हाला काही सापडलं नाही' हे उत्तर फार मिळतं. त्यावर इलाज म्हणजे पुरावा: इशाऱ्याचा फोटो, तारीख आणि वेळ, सॉफ्टवेअरचा आवृत्ती क्रमांक, त्या वेळी चार्ज किती होता, गाडी चार्जरला जोडलेली होती का. वेळ अचूक असेल तर लॉगमध्ये ती नोंद शोधता येते.

मग कुणी काय घ्यावं?

सर्व्हिस सेंटर लांब असेल आणि वेळ ठरवून अपडेट करण्याची सोय असेल, तर पूर्ण ओटीएची गाडी घ्या. सर्व्हिस सेंटर जवळ आहे, तिथल्या माणसांवर विश्वास आहे, आणि आठवड्याला मेनू बदललेला घरातल्या ज्येष्ठांना चालणार नाही, अशा घराला अर्धं ओटीए बरं पडेल. बाजारात नुकतंच उतरलेलं मॉडेल मात्र दोन्ही प्रकारांत सावधपणे घ्यावं. फोक्सवॅगन आयडी.३ ची २०२० मधली पहिली वाहनं काही सोयी अपुऱ्या असतानाच ग्राहकांना मिळाली आणि त्यांना पुढचं अपडेट घ्यायला वर्कशॉपला जावं लागलं. शेवरलेने ब्लेझर ईव्हीची विक्री डिसेंबर २०२३ मध्ये सॉफ्टवेअरच्या तक्रारींमुळे थांबवली, ती काही महिन्यांनी पुन्हा सुरू झाली. पहिलं वर्ष जाऊ दिलं तर असले दोष दुसऱ्यांच्या गाड्यांत सापडून दुरुस्त झालेले असतात.

कंपनी टिकेल का, हाही इथे सॉफ्टवेअरचाच प्रश्न आहे. जून २०२४ मध्ये फिस्कर या इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ओशन गाडीच्या मालकांसमोर आपल्या गाडीचं सॉफ्टवेअर पुढे कोण सांभाळणार, हा प्रश्न उभा राहिला. कंपनी भक्कम असली तरी मोबाइल नेटवर्क बदलतं: ब्रिटनमध्ये २जी बंद होण्याच्या तयारीत निसानने २०२४ मध्ये जुन्या लीफ गाड्यांची ॲप सेवा थांबवली. तेव्हा अपडेट किती वर्षं मिळतील, गाडीतल्या सिमचं शुल्क कधीपासून द्यावं लागेल, आणि ते भरलं नाही तर सुरक्षेचे अपडेट वाय-फायवरून येत राहतील का, हे तिन्ही लेखी घ्या.

जुनी इलेक्ट्रिक कार घेत असाल तर सेटिंगमध्ये सॉफ्टवेअरची आवृत्ती पाहा, त्या मॉडेलचे सगळे रिकॉल पूर्ण झाल्याची नोंद चॅसिस नंबरवरून सर्व्हिस सेंटरमध्ये तपासा, आणि पैसे देण्याआधी जुन्या मालकाला त्याच्या ॲपमधून गाडी काढून टाकायला सांगा. ते राहून गेलं तर तुमच्या दारातली गाडी त्याच्या फोनवरून उघडता येते.