अडवलेल्या मालाचा माग: आधी काळी यादी की आधी नॅव्हिसर्ट?

जिब्राल्टर, माल्टा, एडन अशा ब्रिटिश बंदरात पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अडकलेल्या एखाद्या खेपेचा अभ्यास करायचा असेल, तर बिल ऑफ लेडिंगवरची, म्हणजे माल चढवल्याच्या पावतीवरची, तारीख आधी बघा. कुठून सुरुवात करायची ते तिच्यावर ठरतं.

१९१६ ते १९१८ मधली खेप असेल तर काळी यादी धरा. डिसेंबर १९१५ च्या कायद्याने तटस्थ देशांतल्या, पण शत्रूशी लागेबांधे असलेल्या पेढ्यांशी व्यवहार करायला ब्रिटिश प्रजाजनांना बंदी घालता आली. पहिली यादी २९ फेब्रुवारी १९१६ ला निघाली. जुलैत तीत अमेरिकी पेढ्या आल्या आणि वॉशिंग्टन भडकलं. या यादीत हॅम्बुर्गची पेढी शोधत बसू नका. शत्रूच्या मुलखाशी व्यापार आधीपासूनच बंद होता. यादी सतत बदलत असे, म्हणून माल चढवला त्या दिवशी कोणती आवृत्ती लागू होती ते पाहावं लागतं. इथेच बहुतेकांची गफलत होते. शिवाय घेणाऱ्याचं नाव न घालता ‘टू ऑर्डर’ पाठवलेल्या मालात यादी फारशी उपयोगी पडत नाही.

ऑगस्ट १९४० नंतरची खेप असेल तर आधी नॅव्हिसर्ट, म्हणजे माल वाटेत अडवला जाऊ नये म्हणून आगाऊ मिळणारा ब्रिटिश दाखला. तटस्थ देशातला निर्यातदार मालाचं वर्णन, वजन, पाठवणारा आणि घेणारा लिहून ब्रिटिश वकिलातीत अर्ज करी. लंडनच्या आर्थिक युद्ध मंत्रालयात नावं तपासली जात, म्हणजे काळी यादी याच टप्प्यावर आत शिरे. डिसेंबर १९३९ पासून हे ऐच्छिक होतं, जुलै १९४० अखेर जवळजवळ सक्तीचं झालं. त्यामुळे ‘नॅव्हिसर्ट नव्हतं, म्हणजे माल संशयास्पद’ हा निष्कर्ष मे १९४० च्या खेपेला लावणं चूक.

दिशाही बघा. नॅव्हिसर्ट युरोपकडे जाणाऱ्या मालासाठी होतं. युरोपातून बाहेर पडणाऱ्या मालाला, २७ नोव्हेंबर १९३९ च्या आदेशानंतर, मूळ ठिकाण आणि मालकी सांगणारा ब्रिटिश वाणिज्यदूताचा दाखला लागे.

आणि जहाज? मालाचे कागद चोख असूनही जहाजमालकाकडे शिप वॉरंट, म्हणजे ब्रिटिश नियम पाळण्याच्या हमीवर मिळणारा परवाना, नसेल, तर ब्रिटिश बंदरात इंधनाचा कोळसा, दुरुस्तीची गोदी, विमा, सगळंच नाकारता येई. लांब पल्ल्याच्या फेरीत एडनला कोळसा न मिळणं जप्तीइतकंच महागात पडे. म्हणून फक्त प्राइझ कोर्टाची, म्हणजे जप्त जहाजं आणि मालाचा निवाडा करणाऱ्या न्यायालयाची, कागदपत्रं चाळली, तर कोळशासाठी अडलेली जहाजं नजरेतून निसटतात.

यादीत नाव नाही, कागद पुरे, तरी माल धरलेला दिसला, तर वजन तपासा. १९१५ च्या ‘किम’ खटल्यात चार जहाजांवरची डुकराची चरबी डेन्मार्कच्या वर्षाच्या सरासरी आयातीच्या तेरा पटींहून जास्त भरली होती. एवढी चरबी डेन्मार्क एकटा खाणार, हे न्यायालयाला पटलं नाही.