बटण दाबलं की शिपाई हलतात: यूएसबी मायक्रोस्कोप, आठ महिन्यांनंतर

काल रात्री केबल गेली. मायक्रोस्कोपमध्ये ती जिथून आत शिरते तिथे वाकवून धरली तर चित्र येतं, सोडली की पडदा काळा. विक्रेत्याला कळवलं, तर म्हणे बिघाडाचा व्हिडिओ पाठवा. काळ्या पडद्याचा व्हिडिओ पाठवला. आता उत्तर आलंय: वस्तू तुमच्याकडेच राहू द्या, ३० टक्के परत देतो. २२ पौंडांचे ३० टक्के म्हणजे ६ पौंड ६० पेन्स. म्हणून हे लिहायला बसलोय, एरवी कंटाळाच केला असता.

खोक्यावर 'हजारपट' वगैरे छापलेलं असतं, ते कुणीच खरं धरत नाही, त्यामुळे सोडून देतो. मला हा नाण्यांसाठी हवा होता. लेस्टरला राहायला आल्यापासून रोमन नाण्यांचा नाद लागला, आणि गेल्या वर्षी न साफ केलेल्या ४० नाण्यांची पिशवी घेतली. विकणारा म्हणाला, "इंग्लंडच्या शेतांत सापडलेली." डिस्टिल्ड पाण्यात तीन आठवडे भिजवली, टूथपिकने माती काढली. सहा अगदी गुळगुळीत निघाली. उरलेली ३४ बहुतेक रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन आणि त्याच्या मुलांची, करंगळीच्या नखाहून जरा मोठी.

यातली निम्मी एकाच छापाची. काट्याच्या बाजूला दोन शिपाई, मध्ये सैन्याचं निशाण, कडेने 'ग्लोरिया एक्सर्किटस', म्हणजे सैन्याचा गौरव. निशाणं दोन असतील तर साधारण इ.स. ३३० ते ३३५ मधलं, एकच असेल तर त्यानंतरचं. नेमका तो भाग झिजलेला असेल तर वजन करायचं: आधीची अडीच ग्रॅमच्या आसपास, नंतरची दीडच्या. या कामी माझा दहा पौंडांचा खिशातला वजनकाटा मायक्रोस्कोपच्या कितीतरी पुढे आहे. भिंग लागतं ते टाकसाळ ओळखण्यासाठी. शिपायांच्या पायांखाली आडवी रेघ असते आणि तिच्याखाली तीन-चार अक्षरं. ती वाचता आली की नाणं सूचीत जागेवर बसतं. 'रोमन इम्पीरियल कॉइनेज' या छापील सूचीचा सातवा खंड, ब्रूनने लिहिलेला, १९६६चा, विकत घेणं मला परवडणारं नाही. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीची ऑनलाइन सूची फुकट आहे, ती मला पुरते.

आता बटण. फोटो काढायचं बटण यांनी मायक्रोस्कोपच्या अंगावरच ठेवलंय. आणि मायक्रोस्कोप उभा आहे हेलकावणाऱ्या स्टँडवर! बटण दाबलं की सगळं डुलतं, शिपाई नाचतात, अक्षरं पुसट. हलक्या हाताने दाबून पाहिलं, श्वास रोखून पाहिलं, पेन्सिलच्या टोकाने दाबून पाहिलं. आठ महिन्यांत साडेतीनशे फोटो, त्यातले धड साठ. ही वस्तू बनवणाऱ्यांपैकी कुणी एकदा तरी तिने फोटो काढून पाहिला असेल का? तिसऱ्या महिन्यात कळलं की लॅपटॉपच्या कीबोर्डवरूनही फोटो निघतो. माहितीपत्रकात याचा एक शब्द नाही. तरी बटणाचा राग गेलेला नाही.

इथवर रात्री लिहिलं होतं आणि एक तारा देऊन मोकळा होणार होतो. सकाळी केबल वाकवून चिकटपट्टीने बांधली. चित्र आलं, पण भिंगाभोवतीचे आठ छोटे दिवे लागेनात. म्हणून टेबललॅम्प आणला, त्याची मान खाली वाकवून उजेड जवळजवळ आडवा पाडला. निकोमिडिया! ज्या नाण्यावर मी 'एसएमएचए' वाचून हेराक्लिया लिहून ठेवलं होतं, तिथला एच मुळात एन आहे. त्याची तिरकी रेघ समोरून पडणाऱ्या उजेडात दिसतच नव्हती, आता तिची सावली पडली. नाणं तुर्कस्तानातल्या मर्मारा समुद्राच्या उत्तर काठावरून उठून पूर्वेच्या टोकाला, आजच्या इझमितला गेलं. आठ महिने मी ज्यांना सोय समजत होतो ते दिवेच अक्षरं खात होते.

मग सगळी ३४ पुन्हा लॅम्पखाली घातली. तीन नाण्यांवर मी 'टीआरएस' वाचलं होतं, म्हणजे आजच्या जर्मनीतलं ट्रिअर. मधला आर झिजलाय असं आपणच ठरवून. आता त्या टीच्या डावीकडे एसएम उगवलं. एसएमटीएस. ग्रीसमधलं थेस्सलोनिका. माझ्याकडची ट्रिअरची नाणी तेवढी तीनच होती. आता एकही नाही. सिझिकस, निकोमिडिया, सिस्किया, थेस्सलोनिका, सगळी पूर्वेकडची. ब्रिटनमध्ये सापडणारी ३३०च्या दशकातली नाणी बहुतेक ट्रिअर, लिऑन, आर्ल या पश्चिमेकडच्या टाकसाळींतली असतात. इंग्लंडच्या शेतातून पिशवीभर नाणी निघावीत आणि त्यात ट्रिअरचं एकही नसावं, हे पटण्यासारखं नाही. पिशवी बहुधा बाल्कनातून आलेली आहे. ट्रिअर दिसावं असं मला वाटत होतं म्हणून मला ते दिसलं, याचा दोष मायक्रोस्कोपला देता येत नाही.

माझ्या वहीत 'सापडल्याचं ठिकाण' असा एक रकाना आहे. त्यात ३४ वेळा 'इंग्लंड' लिहिलेलं होतं, ते खोडलं. बाल्कन लिहिलं नाही, तो माझा अंदाज आहे. कुठलं शेत, किती खोल, सोबत काय निघालं, हे ज्याने खणलं त्याने सांगितलं नाही आणि ज्याने विकलं त्याने थाप मारली. रकाना कोराच ठेवलाय.

सहा पौंड साठ पेन्स घेतोय. केबल चिकटपट्टीवर चालेल तितकी चालू दे, दिवे मात्र दुरुस्त करणार नाही. पाचपैकी तीन तारे. एक केबलपायी गेला, एक बटणापायी.