केबिन स्ट्रोलर: कोथरूडच्या फुटपाथपासून सिंगापूरच्या युनिव्हर्सलपर्यंत (काही महिन्यांच्या वापरानंतर)

आधी निकाल सांगते. लहान मुलांना घेऊन पहिल्यांदाच परदेशातल्या थीम पार्कला जाणार असाल आणि धाकटं मूल अजून दुपारी झोपत असेल, तर हॉटेल आणि एक्सप्रेस पास (राइड्सची लांब रांग टाळायचा जादा पैशांचा पास) यांच्या आधी स्ट्रोलरचं, म्हणजे मुलांच्या बाबागाडीचं बघा. आम्ही गणपतीच्या सुमारास घडीचा, विमानात डोक्यावरच्या कप्प्यात मावणारा स्ट्रोलर घेतला, दिवाळीच्या सुट्टीत सिंगापूरला नेला आणि तेव्हापासून तो पुण्यात सतत वापरात आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या घडणीच्या गाड्या बऱ्याच कंपन्या काढतात आणि मला सांगायचं आहे ते सगळ्यांनाच लागू आहे.

आम्ही पाच जण होतो. मी, नवरा, सासूबाई, पहिलीतली लेक आणि साडेतीन वर्षांचा धाकटा. नातेवाइकांत दोन तट होते. एक तट म्हणत होता, जायचंच तर अमेरिकेला जा, खरं डिस्ने बघा. दुसरा म्हणत होता, एवढ्या लहान मुलांना काय कळणार, पैसे कशाला घालवता. मला दोन्ही पटलं नाही. फ्लोरिडाचं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड सुमारे २५ हजार एकरांवर पसरलंय. चार थीम पार्क, त्यांच्यामध्ये बसने किंवा मोनोरेलने जा-ये, शिवाय अमेरिकेचा व्हिसा आणि मुंबईहून विमान बदलत जाणारा लांबलचक प्रवास. सिंगापूरचं युनिव्हर्सल स्टुडिओज जेमतेम ५० एकरांत आहे आणि मुंबईहून विमान साधारण साडेपाच तासांत पोचतं. साडेतीन वर्षांच्या पायांना झेपेल ते पार्क निवडायचं, हा आमचा हिशोब होता. शिवाय तिथे ४ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, म्हणजे धाकटा फुकट आत. आणि त्याला काय कळलं, हे विचारणाऱ्यांना तो आजही मिनियन कसा चालतो ते करून दाखवतो.

घेताना मी तीन गोष्टी पाहिल्या. पहिली, वजन किती पेलतो. बऱ्याच हलक्या गाड्यांवर १५ किलोंची मर्यादा असते. साडेतीन वर्षांचं मूल तिच्या अगदी जवळ असतं, म्हणजे सहा महिन्यांत गाडी बाद. आम्ही २२ किलोंची घेतली. बाबागाड्यांसाठीच्या युरोपच्या ईएन १८८८ या मानकाचा दुसरा भाग १५ ते २२ किलोंच्या मुलांसाठीच आहे, तेव्हा लेबलवर ते बघून घ्या. त्याचा फायदा असा झाला की संध्याकाळी लेकीचे पाय दुखायला लागले की तीही बसायची. दुसरी, पाठ किती मागे जाते. दुकानात सगळे एका हाताने घडी करून दाखवतात आणि आपण भारावतो, पण बसल्या बसल्या झोपलेल्या मुलाची मान पुढे लोंबकळत असेल तर त्या घडीचा काय उपयोग? मी धाकट्याला दुकानातच आडवं करून पाहिलं. तिसरी, पाच ठिकाणी अडकणारा पट्टा. चालत्या गाडीत उभं राहणाऱ्या मुलाला साधा कमरेचा पट्टा पुरत नाही.

घडीचं माप मात्र टेपने स्वतः घ्या. जाहिरातीत ‘केबिन साइज’ लिहिलेलं असतं, पण प्रत्येक विमान कंपनीचं माप वेगळं आणि काही कंपन्या लांबी-रुंदी-उंचीची बेरीज बघतात. पाकिटावर लिहिलेल्या मापात कधी कधी चाकं धरलेली नसतात.

पुण्यातली रंगीत तालीम फार उपयोगी पडली. जंगली महाराज रस्त्याच्या रुंद फुटपाथवर गाडी लोण्यासारखी चालली. कोथरूडच्या आतल्या रस्त्यांवर तीच गाडी दर वीस पावलांवर अडते, कारण पुढची चाकं लहान आणि कडक असतात, पेव्हर ब्लॉकच्या फटीत रुततात. उपाय एकच. अशा जागी हँडल दाबून पुढची चाकं उचलायची आणि मागच्या दोन चाकांवर न्यायची. हे घरी शिकून घ्या, परदेशात अंगवळणी पडलेलं बरं. तुळशीबाग आणि लक्ष्मी रोडला ही गाडी नेऊ नका, तिथे मूल कडेवरच बरं. मेट्रो मात्र उत्तम. आनंदनगर स्टेशनला लिफ्टने वर, डब्यात ब्रेक लावून उभी, हे धाकट्याला इतकं आवडलं की सिंगापूरची मेट्रो त्याला अनोळखी वाटलीच नाही.

त्याच महिन्यांत एक दिवस खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कलाही काढला. मला राइड्स बघायच्या नव्हत्या, मुलं रांगेत किती वेळ टिकतात ते बघायचं होतं. धाकटा पंधरा मिनिटांपर्यंत छान, मग जमिनीवर लोळण. लेक अंधाराला घाबरते पण वेगाला नाही. एवढं कळल्यावर सिंगापूरचा दिवस आखणं सोपं झालं. पुण्यातून हे दीड-दोन तासांवर आहे, परदेशाच्या तिकिटांवर पैसे घालण्याआधी नक्की जाऊन या.

कागदपत्रांचं थोडक्यात. मुलांच्या पासपोर्टसाठी आई-वडील दोघांच्या सह्यांचं अनेक्शर डी नावाचं संमतिपत्र लागतं. मुंढव्याच्या सेवा केंद्रात मुलांसाठी खाऊ-पाणी बरोबर ठेवा. मुलांचा पासपोर्ट ५ वर्षांचाच असतो, त्यामुळे घरात आधीचा पडला असेल तर मुदत तपासा. प्रवासाच्या वेळी सहा महिने शिल्लक हवेत. सिंगापूरचा व्हिसा अधिकृत एजंटमार्फत होतो. एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापूरमध्ये शिरण्याआधी भरायचा फॉर्म, मात्र स्वतः ऑनलाइन भरायचा, पोचण्याच्या दिवसासह तीन दिवसांच्या आत, आणि तो फुकट आहे. पैसे मागणाऱ्या वेबसाइटवर भरू नका. आणि दिवाळीत जाणाऱ्यांनी हे नीट वाचा: सिंगापूरला खसखस नेता येत नाही. सासूबाईंनी फराळाचे डबे भरले तेव्हा अनारसे आणि खसखस घातलेल्या करंज्या बाजूला काढल्या, चकल्या आणि शंकरपाळे तेवढे नेले.

मुंबई विमानतळापर्यंतची कॅब ठरवताना सीएनजी नाही ना, हे विचारून घ्या. सीएनजी गाडीच्या डिकीत निम्मी जागा सिलिंडर खातो. पाच माणसं, तीन बॅगा आणि स्ट्रोलर म्हटलं की मोठी गाडीच लागते. विमानतळावर सुरक्षा तपासणीत मुलाला उचलून स्ट्रोलर घडी करून एक्स-रेवर ठेवावा लागतो, म्हणून त्याच्या खालच्या टोपलीत सुटं सामान कोंबू नका. आमचा स्ट्रोलर वरच्या कप्प्यात बसला. कप्पा भरला असेल तर विमानाच्या दारात टॅग लावून देता येतो, पण तो उतरताना दारातच मिळेल की पट्ट्यावर, हे देतानाच विचारा.

आता मुख्य गोष्ट, पार्कमधला दिवस. सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. मोठ्यांना हा फरक जाणवतही नाही. मुलांना जाणवतो. तिथले सकाळचे दहा म्हणजे पुण्याचे साडेसात, मुलं नुकती डोळे चोळत असतात. आणि धाकट्याची पुण्यातली दोनची झोप तिथे साडेचारला येते. म्हणजे पार्कचे शेवटचे, गर्दी जरा ओसरलेले तास नेमके त्याच्या झोपेचे. स्ट्रोलर नसता तर साडेचारला आम्ही सगळे हॉटेलवर परतलो असतो. त्याऐवजी हॉलिवूड भागातल्या छपराखाली, वारा येईल अशा जागी गाडीची पाठ पूर्ण खाली केली, सासूबाई शेजारच्या बाकावर बसल्या आणि आम्ही दोघं लेकीला घेऊन निघालो. धाकटा सव्वा तास झोपला. त्या सव्वा तासासाठी हा स्ट्रोलर घेतला होता असं म्हटलं तरी चालेल.

उंचीचं घरूनच मोजून जा, बूट काढून. लेक ११३ सेंटिमीटर, धाकटा ९६. राइड्सपैकी ट्रान्सफॉर्मर्सला १०२ लागतात, ममीला १२२, बॅटलस्टार गॅलॅक्टिकाला १२५. कॅनॉपी फ्लायरला ९२ पुरतात, पण लहानग्याबरोबर मोठं माणूस हवं. लेकीला आठवडाभर आधीच सांगून ठेवलं होतं की ममी यंदा नाही, त्यामुळे दारात रडारड झाली नाही. धाकट्याचं जग म्हणजे मिनियन लँड, तिथेच आमचा अर्धा दिवस गेला. म्हणूनच एवढ्या लहान मुलांसाठी एक्सप्रेस पास घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याचा खरा फायदा ज्या मोठ्या राइड्सना होतो, तिथे ही मुलं बसूच शकत नाहीत. एकाने मुलाजवळ थांबायचं आणि मग पुन्हा पूर्ण रांग न लावता दुसऱ्याने जायचं, अशी सोय आहे का ते राइडच्या दारातल्या कर्मचाऱ्याला विचारा.

स्ट्रोलर रांगेत नेता येत नाही, बाहेर ठरलेल्या जागी लावायचा. तिथे एकसारख्या काळ्या-करड्या गाड्यांची ओळ असते, आणि कर्मचारी जागा करायला त्या इकडेतिकडे सरकवतात. आम्ही हँडलला सासूबाईंच्या जुन्या इरकलीचा लाल काठ बांधला होता. लांबूनच दिसायचा. पासपोर्ट, पैसे, फोन गाडीत ठेवायचे नाहीत, पाण्याची बाटली आणि टॉवेल ठेवला तर हरकत नाही. हँडलला जड पिशवी अडकवू नका. मूल उतरलं की गाडी सरळ मागे उलटते.

दुपारी पाऊस आला. तिथे तो येतोच, आणि विजा चमकल्या की उघड्यावरच्या राइड्स थांबवतात. प्लास्टिकचं पावसाळी कव्हर बरोबर होतं, पण पाऊस थांबल्या थांबल्या काढा, आत वाफ धरते. उन्हासाठी वरून ओढणी किंवा दुपटं घालायची आपल्याकडची सवय इथे सोडा. झाकलेल्या गाडीत गरमी झपाट्याने वाढते. गाडीचीच छत्री पुढे ओढा आणि क्लिपचा छोटा पंखा लावा. त्याची पॉवर बँक हातातल्या बॅगेतच न्यायची, चेक-इनमध्ये नाही.

शहरात फिरायला स्ट्रोलरला कुठेच अडचण आली नाही. हार्बरफ्रंट मेट्रोहून लिफ्टने व्हिवोसिटीच्या तिसऱ्या मजल्यावर जायचं, तिथून युनिव्हर्सल ज्या बेटावर आहे त्या सेंटोसाची मोनोरेल. २०१७ पासून तिथल्या बसमध्येही स्ट्रोलर उघडाच नेता येतो, झोपलेलं मूल उठवावं लागत नाही. जेवणासाठी सेरंगून रोडला कोमला विलासमध्ये गेलो. धाकट्याने दिवसभरात पहिल्यांदा पोटभर खाल्लं ते तिथला डोसा. पार्कमध्येही स्ट्रोलर भाड्याने मिळतो, पण तो पार्कपुरताच. मेट्रोतून परतताना पेंगुळलेल्या मुलासाठी स्वतःचाच हवा.

परत आल्यानंतरचे महिने. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात, संभाजी बागेत, सोसायटीत खाली, लग्नाच्या हॉलमध्ये रात्री उशिरा, सगळीकडे तो कामाला आला. कापड दोनदा काढून हाताने धुतलं, रंग थोडा उडालाय. पुढच्या चाकात केस आणि धागे गुंडाळून चाक कुरकुरायला लागतं, चिमट्याने काढले की थांबतं. छत्रीची एक क्लिप तुटली. तक्रार केली, आज-उद्या करत सुटा भाग आलाच नाही, शेवटी आमच्या सायकलवाल्याने नटबोल्ट लावून चोख काम करून दिलं. ब्रेक अजून पहिल्यासारखा घट्ट आहे, घडीचा सांधा ढिला झालेला नाही, आणि माझ्या दृष्टीने या दोन गोष्टी क्लिपपेक्षा कितीतरी महत्त्वाच्या.

ज्यांचं मूल पाच पूर्ण आहे आणि दुपारची झोप सुटली आहे, त्यांनी नवीन घेऊ नये, पार्कमध्ये एक दिवस भाड्याने घ्यावा. ज्यांना रोज पुण्याच्या खडबडीत रस्त्यांवरच फिरवायचं आहे, त्यांनी मोठ्या, हवा भरायच्या चाकांची गाडी बघावी, ही नाही. आणि ज्यांचं मूल दीड ते चारमधलं आहे आणि तिकिटं काढून झाली आहेत, त्यांनी निघायच्या दोन महिने तरी आधी घ्या, म्हणजे मुलाला त्यात झोपायची सवय होईल. पहिल्या आठवड्यात आमचा धाकटा त्यात बसायलाच तयार नव्हता. रोज संध्याकाळी दूध आणायला जाताना त्यातून नेला, चौथ्या-पाचव्या दिवसापासून स्वतःच दाराशी जाऊन चढून बसायला लागला.